गाडी मुरमावर लावा

बुधवार, ९ एप्रिल

सावद्याहून येताना गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा लागला. घरी येऊन गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, तरी तसाच. योगराज असते तर चहासुद्धा न घेता गॅरेजला गेले असते. गाडीच्या बाबतीत ते असे हळवे की एकदा वायपर किरकिरतो म्हणून लग्नाला निघालेलो परत फिरलो होतो. मी त्या दिव्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला बसले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. अक्कांना नरडाण्याहून आणायचं आहे. मागच्या वर्षी योगराज नुकतेच गेलेले, घरात सुतक सरलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाला आणलं नाही. दरवर्षी योगराज स्वतः मुऱ्हाळी म्हणून बहिणीला आणायला जायचे. आता भाऊ नाही म्हणून पंचाहत्तरीच्या बाईनं माहेराला मुकायचं का? मी जाणार.

शुक्रवार, ११ एप्रिल

जळगावला जितेंद्रच्या गॅरेजला नेली. त्यानं लहानसं यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, ऑक्सिजन सेन्सर गेला."

"म्हणजे?"

"धुरात हवा किती, पेट्रोल किती, ते तो इंजिनला सांगतो. आता सांगणारा मुका झाला. इंजिन अंदाजानं पेट्रोल ओढतंय, म्हणून जास्त ओढतंय."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. एवढं समजायला मला मुक्याची गोष्ट नको होती. अपुरं ज्वलन. तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "हां, तेच ते."

पार्ट जळगावात नाही. धुळ्याला विचारतो म्हणाला, नाहीतर कंपनीकडून येईल, आठ-पंधरा दिवस धरा. तोवर चालवली तर चालेल का विचारलं. "चालवा की! काही होत नाही. अर्धं जळगाव असंच फिरतंय. फक्त दिवा लुकलुकायला लागला तर थांबा. मग न जळालेलं पेट्रोल मागं जातं आणि खालचा डबा फार तापतो."

"किती तापतो?"

"काकू, मी काय हात लावून पाहतो का?" आणि हसला. मी हसले नाही. फाजीलपणा मला खपत नाही.

पुण्याहून भाविकाचा फोन आला. गाडी दुरुस्त झाली का, हे तिनं पहिल्याच वाक्यात विचारलं. मी "झाली" म्हटलं. मुलीशी खोटं बोलले. नाहीतर तिनं भाड्याची गाडी, ड्रायव्हर, सगळं पुण्यातून ठरवून दिलं असतं. पण वाईट वाटलं. लहानपणी तिला याच कारणावरून मी पट्टीनं मारलेलं आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

अक्कांना आणलं. यावल, चोपडा, अमळनेर आणि पुढे बेटावदवरून नरडाणा. जाताना ऊन नव्हतं, येताना गाडीची पत्र्याची शेगडी झाली होती. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन थरथरतं आणि मागे काळा धूर निघतो. अमळनेरला एका मोटारसायकलवाल्यानं नाकाला रुमाल लावून माझ्याकडे असं पाहिलं, की मी काच वर केली. आयुष्यभर पोरांना सांगत आले, आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकू नये.

अक्का बसल्या-बसल्या म्हणाल्या, "नूतन, तुनी गाडी पेट्रोल पेस का सांडस वं?"

"सेन्सर खराब आहे, अक्का."

"मना भाऊ व्हता तवय नही सांडे."

पन्नास वर्षं नरडाण्यात काढली, माहेरची बोली पार विसरल्या, पण टोमणा मात्र माहेरचाच. वर्डीच्या पुढे त्यांनी पिशवीतून सांजोरी काढून माझ्या तोंडात कोंबली. स्टिअरिंगवर दोन्ही हात असताना भांडता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

शनिवार, १९ एप्रिल

आज फार वाईट दिवस. क्रमानं लिहिते.

अक्कांनी शेत पाहायचा हट्ट धरला. भावानं शेवटची लावलेली केळी त्यांना पाहायची होती. गुडघे गेलेले आहेत त्यांचे, चालवत नाही. दुपारी जेवून गाडीनं निघालो. यावलच्या रस्त्यावरून शेताकडे वळलं की गाडीवाट खडकाळ आहे. पहिल्या गिअरवर एसी लावून चालले होते. तिथे तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पण शेत समोर दिसत होतं, बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि शेजारी म्हातारी बाई. थांबून काय करणार? चालवली.

तारेच्या फाटकाच्या आत, विहिरीजवळ मुरमाची मोकळी जागा आहे. योगराज गाडी तिथेच लावायचे, पुढे एक चाक नेत नसत. मी सरळ आत घेतली, निंबाच्या खोलीमागे केळीच्या सावलीपर्यंत. निंबा आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, बायकोसह तिथेच राहतो. तो धावत आला आणि म्हणाला, "काकू, अठी नका लावू. आबा तठी मुरमावर लावत. अठी बठ्ठा पालाच पाला शे."

"अक्कांनी उन्हात चालायचं का मग? तू मला गाडी लावायला शिकवणार?"

माझा आवाज चढला होता, मान्य. पण आजकाल जो तो शिकवायला लागतो. चाकाखाली वाळलेली पानं चुरचुरत होती, तीच काय ती अडचण.

अक्का बांधावर बसून केळीच्या झाडांशी बोलल्या. तानुबाईनं, निंबाच्या बायकोनं, ताक दिलं. अक्का रडल्या आणि मीही थोडी रडले, मग आम्ही निघालो. येताना गाडीत इस्त्री जास्त तापल्यावर येतो तसा वास येत होता. अक्का म्हणाल्या, "काहीतरी जळस." मी म्हटलं, पेट्रोलचाच वास आहे. तुमचं नाक नरडाण्यापासूनच तक्रार करतंय, म्हटलं.

घरी पोचून पाणी पितो न पितो तोच प्रेमराज भाऊजींचा फोन. यांचे चुलतभाऊ, त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. "वहिनी, आग लागली, लवकर या!" त्यांचा मुलगा मोटारसायकलवर घ्यायला आला, त्याच्या मागे बसून गेले.

कडब्याची गंजी गेली. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी वितळून डांबर झाली. निंबाच्या खोलीची मागची पडवी गेली, आमच्या कडेच्या ओळी करपल्या, प्रेमराज भाऊजींच्याही काही. विहिरीची मोटर चालू होती म्हणून बाकीचं वाचलं. गोऱ्ह्याचं दावं पेटलं होतं, ते निंबानं हातानं सोडलं. दोन्ही तळहात भाजलेत. तो ते वर धरून उभा होता, जसं कोणी काहीतरी मागायला उभं राहावं.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "विडी ओढली होतीस?"

"नाई वढली, काकू."

"खरं सांग. आजच्या दिवसात एकही नाही?"

"सकाळी एक. पन विहिरीवर. पान्यात टाकली."

"बस!" मी म्हटलं. "आता पुढे काही सांगू नकोस." प्रेमराज भाऊजी म्हणाले, मी तर पहिल्यापासून सांगत होतो.

दोष माझाच आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला विडी ओढताना पकडलं होतं आणि तंबी देऊन सोडलं होतं. तेव्हाच कडक राहायला हवं होतं. माणसाला सूट दिली की असं होतं.

रविवार, २० एप्रिल

झोप नीट लागली नाही. डोळे मिटले की निंबाचे तळहात दिसतात. त्याला यावलला दवाखान्यात नेऊन पट्ट्या बांधून आणल्या. उपकार म्हणून नाही, पण त्याला घरून डबाही पाठवला.

अक्का सकाळपासून विचित्र वागताहेत. चहा घेता घेता एकदम विचारलं, "गाडी कथी उभी व्हती आपली?"

"सावलीत होती. तुम्हीच तर होता."

"हां. सावलीमा." आणि बशीकडे बघत बसल्या.

संध्याकाळी राममंदिरात नेते म्हटलं, तर म्हणाल्या, "मी नही बसस त्या गाडीमा. रिक्षा बलाव." माझ्या गाडी चालवण्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. चाळिशीत मी लायसन्स काढलं तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, आता भाकरी कोण करेल. अपमान वाटला. रिक्षा बोलावली.

मंगळवार, २२ एप्रिल

प्रेमराज भाऊजी आले होते. चहाला बसले आणि बोललेच. "वहिनी, आखाजीला त्याला मोकळं करा. फैजपुरात काय, यावलमध्येही आता त्याला कोणी सालदार ठेवणार नाही. ज्यानं धन्याचं शेत जाळलं, त्याला दारात कोण उभं करेल?"

आखाजीला सालदाराचं वर्ष संपतं. त्या दिवशी त्याला जेवू घालायचं आणि ठेवायचा असेल तर विडा पुढे करायचा. त्यानं उचलला की पुढचं वर्ष पक्कं. निंबानं आमच्याकडचा विडा भाविका शाळेत होती तेव्हापासून उचललाय.

मी म्हटलं, बघू. आतून अक्कांचा खोकला आला. तो खोकला नव्हता.

बुधवार, २३ एप्रिल

तानुबाई आली. जेवणाचे डबे परत द्यायला आली, घासून लख्ख केलेले. ओट्यावरच उभी राहिली.

"ये ना आत."

"नाई काकू. कामं पडले."

"निंबाचे हात कसे आहेत?"

"पाहिले नाई मी."

मला समजलं नाही. मग तिनं सांगितलं, तेही पदराशी बोलल्यासारखं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलत नाही. त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेतली की विडी तिकडे ओढली नाही. "पन तुमी शिकलेल्या. तुमी चार मानसांत म्हनल्या, मंग खोटं कसं आसंन? मह्या गळ्यावर हात ठेऊन खोटं बोलला तो."

"खोली कशी झाली?"

"पडवी गेली. मह्या मायचा पितळी हंडा होता तठी. चपटा झाला."

ती गेल्यावर मी डबे पुन्हा घासले. का, ते माहीत नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

सेन्सर आला. धुळ्याहूनच मिळाला. जितेंद्रनं गाडी वर उचलली आणि मी खुर्ची टाकून तिथेच बसले. मी डोळ्यांसमोर काम करून घेते, नंतरचे वाद नकोत.

तो खालून म्हणाला, "काकू, गाडी कुठे जंगलात नेली होती का?"

"का?"

त्यानं पक्कडीनं काहीतरी ओढून काढलं आणि खाली टाकलं. त्या तापणाऱ्या डब्यावर पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या फटीत ते अडकलं होतं. केळीचं पान. देठाकडचा भाग तपकिरी होता आणि बाकीचं कोळसा. हात लावला तर राख बोटाला लागली.

"लुकलुकायला लागल्यावर चालवली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

कसं आलं ते तोंडातून, मला ठाऊक नाही. विचार करायच्या आधीच आलं. त्यानं खांदे उडवले. सेन्सर बसवला, यंत्र लावलं, दिवा विझला. "झाली नवी कोरी! आता चिंता नाही."

मी पान उचललं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं. जितेंद्र म्हणाला, "कचरा मी टाकतो ना." मी नको म्हटलं.

परत येताना गाडी सुतासारखी चालली. धूर नाही, वास नाही, थरथर नाही. भुसावळच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबले आणि खाली वाकून पाहिलं. खाली फक्त डांबर होतं.

शनिवार, २६ एप्रिल

आज काही लिहीत नाही.

रविवार, २७ एप्रिल

काल लिहिलं नाही. आज लिहिते, नाहीतर मला मीच फसवायला लागेन.

जादा पेट्रोल. अपुरं ज्वलन. उरलेलं पेट्रोल त्या डब्यात जाऊन जळतं. उष्णता बाहेर पडते, खूप. खाली वाळलेला पाला, एप्रिलची दुपार. पान धुमसत राहतं, गाडी निघून जाते, वारा सुटतो. कॉलेजात या एका धड्यावर मला पैकीच्या पैकी होते. मला कोणी हे सांगायची गरज नव्हती. जितेंद्रनं मला दिव्याचं सांगितलं होतं, निंबानं पाल्याचं सांगितलं होतं, अक्कांनी वासाचं सांगितलं होतं. तिघांनाही मी गप्प केलं.

मग दुसऱ्या बाजूनंही विचार केला. पान दुसऱ्या कुठल्या दिवशीही अडकू शकतं. तो विडी ओढतोच. विहिरीवर ओढली हे तोच सांगतो, दुसरं कोणी पाहिलेलं नाही. शिवाय गाडीत आता दोष नाही. दाखवायला काय उरलंय माझ्याकडे?

हे लिहून वाचलं. वकिलानं लिहिल्यासारखं वाटतं. मला वकील नको आहे, आणि योगराजही नाहीत, जे म्हणाले असते, "नूतन, आधी चहा घे, मग खरं बोल."

निंबाला मी त्याच्या बायकोसमोर खोटा ठरवला. एवढंच खरं आहे. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं बोलणं.

सोमवार, २८ एप्रिल

अक्का सांजोऱ्या लाटत होत्या. मी त्यांच्यासमोर वर्तमानपत्र उघडलं. त्यांनी पान पाहिलं, लाटणं थांबवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"माले काय माहीत? मी काय शिकेल शे का?"

"अक्का!"

"माले वास वना व्हता. तुले बी वना व्हता."

"मग बोलला का नाहीत? त्या दिवशी, सगळ्यांसमोर?"

आता त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "तुना घरमा मी पाहुनी शे, नूतन. पाहुनीनं धनिनले खोटं पाडानं नही ऱ्हास. मी रिक्षामा बसनू. आखो काय करू?"

म्हणजे पाहुणीनं यजमानिणीला खोटं पाडायचं नसतं, म्हणून ही बाई गुडघे धरून रिक्षात चढत-उतरत होती, आणि मी मात्र माझ्या गाडी चालवण्याचा अपमान म्हणून डायरीत लिहीत होते.

"भाऊजी काय म्हणतील?" मी म्हटलं.

"परेमराज? तो हसी. तू निंबाना तोंडकडे दखं का एकदा तरी?"

खरं तर नाही. हात पाहिले होते. तोंड नाही.

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी

सकाळी घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. निखाऱ्यावर तूप सोडून यांच्या नावानं घास टाकायचा, ती आगारी. घरात पुरुष नाही. अक्का म्हणाल्या, "तूच टाक, तुना हातना त्याले आवडे." टाकला. तूप भडकलं आणि मी इतकी दचकून मागे सरले की भिंतीला लागले.

दुपारी ओट्यावर प्रेमराज भाऊजी, भाऊबंदांतले आणखी दोघे, आणि धुतलेले कपडे घालून निंबा. हाताच्या पट्ट्या सुटल्यात, कातडी गुलाबी. तानुबाई आली होती, पण ती अंगणात कडुनिंबाच्या झाडाखाली लांब उभी. तिला तिथूनच हाक मारली, जवळ ये म्हणून. ती ओट्याच्या पायरीशी आली.

जेवणं झाली. मी आतून ताट आणलं. ताटात विडा होता आणि शेजारी ते वर्तमानपत्र.

प्रेमराज भाऊजी म्हणाले, "वहिनी, विडा? अहो, आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं. माझं आता ठरतंय." मी पान उलगडलं. शाळेत उत्तरपत्रिका वाटावी त्या आवाजात बोलले, दुसरा आवाज मला येत नाही. "ही आग निंबाच्या विडीनं लागली नाही. माझ्या गाडीनं लागली. गाडीत दोष होता, मला माहीत होता. हा मुरमावर लावा म्हणाला, मी त्याला झिडकारलं आणि पाल्यावर लावली. हे पान गाडीखालून निघालं. वर मी सगळ्यांसमोर त्याच्यावर आळ घेतला. चूक माझी."

मग भाऊजी हसले. मोठ्यानं, प्रेमानं हसले.

"वाः वहिनी! योगराजचं वळण तुम्हाला पुरतं लागलं. सालदारासाठी स्वतःवर घेताय! अरे निंब्या, पाय धर, पाय धर. अशी मालकीण कुठे मिळेल?"

"भाऊजी, मी खरं सांगतेय."

"असू द्या, असू द्या. गाडीनं कुठे आग लागते? पानं काय, कुठेही अडकतात. पण मन मोठं तुमचं."

दुसरे दोघेही मान हलवू लागले. मला इतकं कोंडल्यासारखं कधी झालं नव्हतं. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

आणि मग निंबा बोलला. तेच सगळ्यात वाईट. "काकू, नका घेऊ सोतावर. मी लई इचार केला. वढली आसंन मी तठीच. ध्यानात नसंन मह्या. तुमी म्हनल्या तवा मी घरी जाऊन इचार केला, तर मले तठी बसेल दिसू लागलो मी, बिडी हातात."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच दिसू लागलं होतं. मी दाखवलं होतं त्याला.

"निंबा, विडी कुठे टाकली होतीस?"

"पान्यात."

"चुरर् झालं होतं का?"

तो थांबला. "झालं होतं."

"मग संपलं. जे ऐकलंस तेच धर. माझं धरू नकोस."

पान त्याच्या हातात दिलं. त्यानं ते गुलाबी तळव्यावर घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग पायरीशी उभ्या तानुबाईकडे पाहिलं. तिनं पान पाहिलं नाही, त्याचे हात पाहिले. आग लागल्यापासून पहिल्यांदा पाहिले असावेत, कारण तिचा हात एकदम तोंडावर गेला.

विडा त्यानं उचलला नाही. "इचार करून सांगतो काकू," म्हणाला. भाऊजींना ते उद्धट वाटलं. अंगणातून दोघं निघाले, तो पुढे, ती मागे. फाटकापाशी ती त्याच्या बरोबरीनं चालू लागली. ती काहीतरी बोलत होती. रागावूनच बोलत असावी, हातवारे दिसत होते.

विडा ओल्या फडक्यात झाकून ठेवलाय. आखाजीला न उचललेल्या विड्याचं काय करतात, मला माहीत नाही. अक्कांनाही माहीत नाही.

भाविकाला फोन करून सांगितलं की गाडी तेव्हा दुरुस्त झालेली नव्हती. ती म्हणाली, "आई, एवढंच? मला वाटलं काय झालं." मग मी बाकीचं सांगितलं.

शुक्रवार, २ मे

दोघं आले. या वेळी तानुबाई पुढे. ओट्यावर बसायला सांगितलं तर बसली. बोललीही तीच.

"परेमराजभाऊनं काल बोलावलं होतं. त्याईले सालदार पायजे. आता त्याईच्या मनात काई नाई, म्हने."

भाऊजी! आळ उतरताच माझाच सालदार ओढायला निघाले. मी म्हटलं, "मग?"

"मंग काई नाई. हा म्हने, जुनं घर बरं." निंबा खाली पाहत होता. "पन मी म्हनलं, मी बोलेन आदी. काकू, पडवी बांधून द्या. हंडा मी मागत नाई, तो काई परत येत नाई. आन् गाडी मुरमाच्या पुढं आनायची नाई."

"अगं, गप ना!" निंबा म्हणाला. "काकूले काय सांगू राह्यली?"

"सांगू दे तिला," मी म्हटलं. "नाही आणणार."

"कोनीच नाई. तुमचे पाव्हनेबी नाई."

"कोणीच नाही."

आत अक्का हसल्या, उघड उघड. विडा सुकला होता, कडा काळ्या पडल्या होत्या. नवा लावू का विचारलं तर निंबा म्हणाला, चालंन हाच. उचलला आणि त्यानं टोपीत ठेवला.

मी त्याची माफी मागितली नव्हती अजून. चार लोकांत चूक सांगितली, पण ती त्यांना सांगितली. तेव्हा मागितली. त्याला काय करावं समजेना, आणि मलाही. तानुबाई म्हणाली, "चहा ठेवा ना काकू." ठेवला.

रविवार, ४ मे

अक्कांना पोचवायला निघाले. पायरी उतरून त्या सरळ गाडीशी गेल्या, दार उघडलं आणि बसल्या. नाकानं जोरात वास घेतला.

"काय?" मी विचारलं.

"काही नही. दखस."

शेतावरून जाऊ म्हणाल्या. फाटकातून आत घेतली आणि विहिरीजवळ मुरमावर थांबवली. पुढे एक चाक नेलं नाही. पडवीचे बांबू आलेत, भिंतीला टेकवून ठेवलेत. तिच्या मागे जमीन अजून काळी आहे, वितळलेल्या नळ्या मातीत तशाच. मी मुद्दाम तिकडे पाहिलं. पुढच्या आखाजीपर्यंत दर खेपेला पाहावं लागणार आहे, आणि ते बरं आहे.

निंबा आला. अक्कांच्या पाया पडला, त्यांनी त्याच्या हातांवर हात ठेवला. मग आम्ही निघणार, तेवढ्यात तो थांबा म्हणाला. खराटा घेऊन आला, गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली वाकून पाहू लागला. मुरमावर पान काय, काडीही नव्हती. मी "काही नाही रे तिथे" म्हणणार होते. जिभेवर आलं होतं.

म्हटलं नाही. इंजिन बंद केलं आणि त्याला पाहू दिलं.